वर्गात मुलं जास्त आहेत? पहिली-दुसरीचं वाचन सुधारण्यासाठी काय काय करता येतं

पहिली-दुसरीचा वर्ग, ४५ मुलं आणि एकच बाई, यात वाचन शिकवायचं कसं हा प्रश्न शिक्षकही विचारतात आणि शाळा व्यवस्थापन समितीतले पालकही. आधी साधा हिशोब बघा. भाषेचा तास ४० मिनिटांचा, त्यातली हजेरी, वह्या, पाणी प्यायला जाणं यात दहा मिनिटं गेली की उरली ३०, म्हणजे एका मुलाच्या वाट्याला धड एक मिनिटसुद्धा येत नाही. आणि वाचन तर स्वतः वाचूनच येतं, सुरुवातीला तर कोणीतरी शेजारी बसून ते ऐकावं लागतं, मूल अडलं की जरा थांबावं लागतं, पुढचा शब्द सुचवावा लागतो. फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाने एका सुरात म्हटलं की छान वाटतं पण त्यातली निम्मी मुलं शेजाऱ्याच्या आवाजावर आवाज मिसळत असतात.

म्हणून पट कमी करायच्या आधी एक प्रश्न डोक्यात पक्का ठेवा: आज प्रत्येक मूल मोठ्या माणसासमोर किती मिनिटं वाचलं? खाली जे जे लिहिलंय ते सगळं ही मिनिटं वाढवण्यासाठीच आहे.

पट कमी केला की आपोआप वाचन सुधारतं का, यावर जगात बराच अभ्यास झालाय आणि तो माहीत असला की आपली चूक टळते. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं एक मोठा प्रयोग झाला, स्टार नावाचा. ११ हजारांवर मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वर्गांत वाटली, काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे, आणि काही मोठ्याच वर्गांना शिक्षकाच्या जोडीला एक मदतनीस दिलेला. छोट्या वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली, कृष्णवर्णीय मुलांना फायदा जास्त झाला. पण मदतनीस दिलेल्या मोठ्या वर्गांत फारसा फरक पडला नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही कोणीतरी स्वयंसेवक वर्गात बसवला की काम झालं असं समजतात.

मग कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये एकदम राज्यभर सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग ३० वरून २० वर आणायचं ठरवलं. एवढे शिक्षक एका वर्षात आणणार कुठून, पूर्ण प्रशिक्षण न झालेले लोक घेतले, गरीब वस्तीतल्या शाळांमधले अनुभवी शिक्षक चांगल्या भागात निघून गेले, आणि खोल्या पुरेनात म्हणून काही ठिकाणी लायब्ररीच्या खोल्यांत वर्ग भरले. खर्च प्रचंड, आणि फायदा नेमका किती झाला हे ठामपणे दाखवता आलं नाही.

तिसरं उदाहरण केनियाचं, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथे पहिलीच्या वर्गात ८० च्या आसपास मुलं होती, जादा शिक्षक देऊन वर्ग साधारण निम्मा केला. जिथे जुनेच शिक्षक जुन्याच पद्धतीने शिकवत राहिले तिथे निव्वळ पट कमी झाल्याचा मुलांना फार फायदा झाला नाही, पण जिथे मुलांना काय येतं ते बघून दोन वर्ग पाडले तिथे पुढची आणि मागची दोन्ही मुलं जास्त शिकली. आपल्या मुंबई आणि बडोद्यातही बालसखी कार्यक्रमात तेच दिसलं. मागे राहिलेली १५-२० मुलं वस्तीतल्याच एका तरुणीने रोज दोन तास वेगळी घेतली, ती मुलं पुढे सरकली. मात्र ती बाहेर गेल्यामुळे जो वर्ग छोटा झाला, त्यात उरलेल्या मुलांमध्ये काही खास वाढ दिसली नाही. म्हणजे छोटा वर्ग ही संधी आहे, ती वापरली तरच उपयोग.

आता कामाला लागू.

आधी मोजून घ्या. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण आणि वर्गातली मुलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कागदावर यांची कायम गल्लत होते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं दिलंय. आता शाळेत ६० मुलं आणि दोन शिक्षक असले तर प्रमाण ३० ला १, कागदावर अगदी नियमात, पण इयत्ता पाच! म्हणजे एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता एकत्र, आणि एक शिक्षक मीटिंगला किंवा ऑनलाइन माहिती भरायला बसला की ६० च्या ६० दुसऱ्याकडे. म्हणून दोन आठवडे फक्त एवढंच लिहून ठेवा की वाचनाच्या तासाला खोलीत खरोखर किती मुलं होती आणि शिक्षक त्यातली किती मिनिटं मुलांबरोबर होता. हा कागद पुढे फार कामाला येतो.

समितीतल्या पालकांसाठी सांगते. कायद्यानुसार समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा करणं हे समितीचंच काम आहे. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार याच्या सरकारी मंजुरीत ठरतात, त्याला ३० सप्टेंबरची पटसंख्या धरतात, त्यामुळे जूनमध्ये येऊन सप्टेंबरच्या आत नाव निघून गेलेली मुलं, आधार जुळत नाही म्हणून अडकलेली मुलं, हे सगळं वेळेत बघायला हवं, ऑक्टोबरमध्ये भांडून काही होत नाही. पद मंजूर आहे पण रिकामं आहे की मुळात पदच नाही हे आधी मुख्याध्यापकांकडून समजून घ्या, दोन्हीचे अर्ज वेगळे. आणि अर्जात "मुलांचं नुकसान होत आहे" एवढंच लिहू नका, वरचा दोन आठवड्यांचा कागद जोडा आणि किती मुलांना साधा परिच्छेद वाचता येतो तो आकडा द्या. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, हेही समितीने लेखी विचारायला हरकत नाही, शिक्षक स्वतः विचारायला कचरतात.

नवीन शिक्षक मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का, तर नाही. पट कमी होत नसेल तर वाचनाच्या वेळेपुरता गट छोटा करता येतो आणि खरं सांगायचं तर वाचनासाठी तेवढंही पुरतं. एक मार्ग म्हणजे सगळ्या शाळेचा वाचनाचा तास एकाच वेळी ठेवायचा, समजा सकाळी परिपाठ झाला की लगेच, आणि त्या तासाला मुख्याध्यापकांसकट प्रत्येक शिक्षकाने एक गट घ्यायचा, मुलं इयत्तेप्रमाणे न बसता त्यांना काय वाचता येतं त्याप्रमाणे बसतात, तिसरीतलं अक्षरांवर अडलेलं मूल दुसरीतल्या मुलांबरोबर बसतं. दुसरा मार्ग, वेळ मागेपुढे करायचा, अर्धी मुलं अर्धा तास लवकर येतात, बाकीची अर्धा तास उशिरा जातात, त्या दोन अर्ध्या तासांत वर्गात निम्मीच मुलं असतात. हे शहरात चालतं, जिथे मुलं लांबून गाडीने येतात तिथे अवघड आहे. तिसरा मार्ग एकट्या शिक्षकासाठी, वर्गातच गट पाडायचे, एक गट आपल्याजवळ खाली चटईवर आणि बाकीच्यांना स्वतः करता येईल असं काम. यात पहिले तीन आठवडे गोंगाट होणार, दर मिनिटाला कोणीतरी "बाई हा बघा ना" म्हणत येणार. त्या तीन आठवड्यांत वाचन कमी आणि सवय जास्त शिकवायची, काम संपलं तर काय करायचं, पेन्सिल तुटली तर कोणाकडे जायचं, बाई गटाबरोबर असताना हाक मारायची नाही. हे केलं नाही तर गट टिकतच नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी इथेच सोडून दिलं जातं.

स्वयंसेवक, मोठ्या वर्गातली मुलं, कॉलेजची मुलं मिळाली तर घ्या पण त्यांना एकच नेमकं काम द्या: या सहा मुलांचं वाचन रोज ऐकायचं आणि वहीत खूण करायची. वर्गावर लक्ष ठेवा वगैरे मोघम सांगितलं की ती माणसं वह्या तपासत बसतात.

गट पाडायचे तर प्रत्येक मुलाला काय येतं ते कळायला हवं, आणि ते एकेकाला जवळ बसवूनच कळतं. असर या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशभरातल्या सर्वेक्षणात वापरतात तशी साधी चाचणी पुरते, पाच मिनिटांत होते. एका कागदावर सुटी अक्षरं, दोन अक्षरी सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करा. अडखळत, शब्द शब्द तोडून न वाचता वाक्यासारखं वाचलं आणि तीनपेक्षा जास्त चुका नाहीत तर गोष्ट द्या, जमलं नाही तर शब्द, त्यातले पाचपैकी चार यायला हवेत, ते नाही तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. गोष्ट वाचली की दोन प्रश्न विचारा कारण काही मुलं फाडफाड वाचतात आणि काय वाचलं ते सांगता येत नाही. ही चाचणी वर्गासमोर घ्यायची नाही, व्हरांड्यात, हळू आवाजात, आणि "एवढंही येत नाही?" हे शब्द तोंडातून जाऊ द्यायचे नाहीत. सहा-सात वर्षांचं मूल ते वाक्य वर्षभर विसरत नाही.

मग गट. अक्षरंही येत नाहीत ते आणि फक्त अक्षरं येतात ते एकत्र चालतात, शब्द वाचणारे दुसरे, परिच्छेद आणि गोष्टवाले तिसरे. गटांना हुशार-ढ असा वास येईल अशी नावं नकोत, आणि गट वर्षभर तेच ठेवायचे नाहीत, दर पाच-सहा आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी घ्यायची आणि जे पुढे गेलेत त्यांना लगेच हलवायचं. आणखी एक, जे मुख्याध्यापकांनी ठरवायचं असतं: सगळ्यात मागच्या गटाला सगळ्यात चांगला शिक्षक. आपल्याकडे उलट होतं, अनुभवी बाई स्कॉलरशिपच्या वर्गाला आणि काल रुजू झालेली मुलगी पहिलीला.

अक्षरगटाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण गाडी इथेच अडते. आपल्या लिपीत तीसच्या वर व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या आसपास रूपं, वर जोडाक्षरं. ते पाठ करून घ्यायचं म्हटलं तर दोन वर्षं जातात आणि मूल क का कि की तालात म्हणतं पण मधलंच "कु" दाखवलं की गप्प. त्यामुळे क ख ग घ या क्रमाने जायचा हट्ट सोडा. नेहमी लागणारी, दिसायला वेगळी अशी चार-पाच अक्षरं आणि एक काना घ्या. समजा क, म, र, न, ल आणि काना. एवढ्यात काका, मामा, नाना, काम, कान, नाक, माल, रान, कमल असे शब्द झाले आणि "मामा, काम कर ना" हे पूर्ण वाक्य पहिल्या पंधरवड्यात मुलाने स्वतः वाचलं. पहिलं वाक्य वाचल्यावर मुलाचा चेहरा बघाच! मग दुसरी वेलांटी घ्या, लगेच काकी, मामी, नानी, मग पुढची चार अक्षरं, असं गटागटाने. चिन्हं बाराखडीत एकदम बारा शिकवण्यापेक्षा एकेक करून सगळ्या आलेल्या अक्षरांना लावून बघायची.

दिसायला सारखी अक्षरं एका आठवड्यात आणू नका, घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष. पहिली वेलांटी उशिरा घ्या, ती लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर, मुलं "दिन" चं काहीतरी भलतंच करतात आणि त्यात त्यांची काही चूक नसते. र ची रूपं तर अजून पुढची गोष्ट: सूर्य, प्रकाश, ट्रक, सगळीकडे र आहे आणि सगळीकडे वेगळा दिसतो. हे दुसरीत, भरपूर शब्द वाचून होऊ द्या.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. घरी अहिराणी, वारली, कोकणी, वऱ्हाडी, लमाणी बोलणारं मूल "पाणी" वाचताना "पानी" म्हणालं तर त्याने बरोबर वाचलंय. अक्षरं ओळखली, शब्द ओळखला, अर्थ कळला, उच्चार घरचा आहे. तिथे टोकलंत तर मूल वाचायचं थांबतं, आणि तुम्ही नोंद करता की याला वाचता येत नाही. खरी चूक म्हणजे "पाणी" च्या जागी "पान" वाचणं, कारण तिथे अर्थ बदलला. मागे राहिलेली म्हणून बाजूला काढलेली कितीतरी मुलं यातली असतात.

वाचनाला ४० ऐवजी साठ मिनिटं मिळाली तर तास कसा जातो ते सांगते, तंतोतंत पाळायला हवा असं नाही. पहिली दहा-बारा मिनिटं सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवायची, चित्रं दाखवत, मध्ये थांबून "आता काय होईल?" विचारत. हे कधीही वगळू नका. ज्याच्या कानावर शब्द पडलेलेच नाहीत त्याला अक्षरं जुळवूनही अर्थ लागत नाही, अक्षर ओळखणं आणि भाषा समजणं दोन्ही असलं तरच वाचन होतं. मग वीस मिनिटं एक गट जवळ, वीस मिनिटं दुसरा. तिसरा गट त्या दिवशी जोडीने वाचतो, एक वाचतो दुसरा बोट ठेवून ऐकतो, त्यांच्याकडे उद्या. मागच्या गटाला मात्र रोज, त्यांचा दिवस चुकवायचा नाही. शेवटची काही मिनिटं लिहायला, ऐकलेल्या गोष्टीतलं काहीही, चित्र काढून खाली एक शब्द लिहिला तरी चालेल, शुद्धलेखन तिथे तपासायचं नाही.

एका वेळी जवळ सहा ते आठच मुलं. प्रत्येकाच्या हातात मजकूर हवा, एक पुस्तक मध्ये ठेवून होत नाही, नसेल तर वहीच्या कागदावर हाताने लिहून झेरॉक्स काढा. आधी सगळ्यांनी मनात किंवा पुटपुटत वाचायचं, मग एकेकाने मोठ्याने. मूल अडलं की मनात चारपर्यंत मोजा आणि तोपर्यंत गप्प बसा, बाकीच्यांनाही ओरडू देऊ नका. हे चार आकडे शिक्षकाला फार जड जातात, पण मूल तेवढ्यात स्वतःच शब्द फोडतं. नाहीच आलं तर पहिलं अक्षर झाकून, उघडून मदत करा, शब्द सांगून टाकणं सगळ्यात शेवटी. मग ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचून घ्या, नाहीतर अर्थ तुटतो.

वेगाचंही जरा बघावं लागतं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या शेवटी किमान ६० असं लक्ष्य आहे, समजून वाचत. याचं कारण साधं आहे, फार हळू वाचलं की वाक्याच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरते. पण स्टॉपवॉच लावून शर्यत लावू नका, तोच परिच्छेद तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचू दिला की वेग आपोआप येतो.

नोंदीसाठी एका मुलाला एक पान, तारीख, काय वाचलं, कुठे अडलं, बस. पोर्टलवर भरायची ती माहिती वेगळी, ही तुमची स्वतःची.

आणि समजा शिक्षक मिळाला, किंवा खोली मिळाली, तर ती पहिलीला द्या, मग दुसरीला. टेनेसीतही मुलं जितकी जास्त वर्षं छोट्या वर्गात राहिली तितका फायदा पुढे टिकला, त्यामुळे एका वर्षात आकडे बदलले नाहीत म्हणून पुन्हा वर्ग जोडू नका, तीन वर्षं तरी द्या. वाचनालयाची खोली तोडून वर्ग करू नका. आणि नवीन शिक्षक आला की पहिले दोन आठवडे त्याला जुन्या बाईंच्या गटात बसू द्या, लगेच रजिस्टर हातात देऊन वेगळ्या खोलीत पाठवू नका.

पालकांना घरी शिकवा असं सांगू नका, कित्येकांना स्वतःला वाचता येत नाही आणि ते ओशाळतात. फक्त ऐका म्हणावं, रोज दहा मिनिटं मूल वाचेल, तुम्ही जवळ बसा आणि शेवटी विचारा की काय वाचलंस ते मला सांग. याला अक्षरओळख लागत नाही.

दोन-तीन चाचण्या झाल्या तरी एखादं मूल जागचं हललं नाही तर जास्त वेळ घोकून घेण्याआधी आधी हजेरी बघा, आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडत असेल तर अडचण तिथे आहे. मग डोळे आणि कान तपासून घ्या, शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं तेव्हा त्या मुलाचं नाव आधीच वेगळं सांगून ठेवा, गर्दीत सुटून जातं. तेही ठीक असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवा आणि त्यांच्यासमोर तुमचं ते एक पान ठेवा, कुठल्या अक्षरावर, किती दिवस, कसं अडतंय ते त्यातून त्यांना लगेच दिसतं.